बेचाळिसावी फेरी

सगळा मानवी व्यवहार शेवटी विश्वासावर चालतो, असं वजनमापे खात्यातले निरीक्षक नेहमी म्हणत, आणि म्हणून झालं की दुकानातून आलेली साखर घरी पुन्हा मोजून घेत. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतके खोटे काटे पाहिले होते, की आरशासमोर दाढी करतानाही ते प्रतिबिंबाकडे जरा तिरकंच बघत. या जगात डोळे मिटून भरवसा ठेवावा अशा त्यांच्या मते दोनच गोष्टी होत्या. एक, खात्याच्या भांडारातली वीस किलोची प्रमाणित वजनं. दुसरी, घरची गाडी.

या यादीत आपलं नाव नाही हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. यादीत नसल्यामुळे आपली तपासणी होत नाही, एवढंच तिचं समाधान.

गाडी नऊ वर्षांची, राखाडी रंगाची, स्वभावाने अबोल. नऊ वर्षांत तिने तक्रार म्हणून केली नव्हती. ती एका सोमवारी संध्याकाळी, ऑफिसातून परतताना, बँकेसमोरच्या चौकात सिग्नल हिरवा झाल्या झाल्या बंद पडली. धक्का नाही, खोकला नाही, कुरकुर नाही. भर सभेत बोलता बोलता वक्त्याने मुकाट्याने खाली बसावं, तशी बसली. समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा तेवढा उगवला, आणि मागे चौदा गाड्यांनी एकदम आपापलं मत मांडायला सुरुवात केली.

चौकातला वाहतूक पोलीस शांतपणे चालत आला.

“साहेब, गाडी बाजूला घ्या.”

“गाडी येत नाहीये.”

“मग निदान तुम्ही बाजूला व्हा.”

निरीक्षक बाजूला झाले. चार अनोळखी माणसांनी गाडी ढकलत नेली आणि ते तिच्यामागून हातात डबा घेऊन चालत गेले. हे दृश्य त्यांना पुढे कितीतरी दिवस, विशेषतः जेवताना, आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिकचा फोन आला की गाडी तयार आहे. निरीक्षक गेले आणि त्यांनी काय झालं होतं ते विचारलं. इथेच सगळं बिघडलं. काय झालं होतं हे न विचारता गाडी घेऊन येणारी माणसं सुखाने जगतात.

मेकॅनिकने नखाएवढा एक काळा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. हा सेन्सर. इंजिन फिरतंय की नाही हे तो गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगतो. तो अचानक गेला. त्यामुळे कॉम्प्युटरला वाटलं की इंजिन बंद आहे, म्हणून त्याने इंजिनाचं पेट्रोल तोडलं, म्हणून इंजिन बंद पडलं.

“म्हणजे इंजिनाला काहीच झालं नव्हतं?”

“ठणठणीत होतं साहेब. नुसता निरोप चुकीचा गेला.”

निरीक्षक सुन्न झाले. जिवंत पेन्शनरला हयातीचा दाखला नाही म्हणून मयत ठरवतात, हे त्यांनी ऑफिसात पाहिलं होतं. पण त्या पेन्शनरला लगेच मारून कागद खरा करण्याइतकी तत्परता कुठल्याही खात्याने अजून दाखवली नव्हती. ती या गाडीने दाखवली होती.

“असे अजून किती सेन्सर आहेत हिच्यात?”

“असतील पंचवीस-तीस,” मेकॅनिक म्हणाला. तो बिचारा कौतुकाने सांगत होता.

तिथून घरापर्यंत निरीक्षकांनी गाडी अशी आणली, जसा एखादा माणूस पंचवीस-तीस खोटे साक्षीदार गाडीत बसवून कोर्टात चालला आहे. गाडी उत्तम चालत होती. पण ती सोमवारी सकाळीही उत्तमच चालत होती.

एरवी हे प्रकरण थोड्या दिवसांत निवळलं असतं. पण पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी आठ वाजता अण्णांच्या, म्हणजे निरीक्षकांच्या सासऱ्यांच्या, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. अण्णांना राजी करायला त्यांच्या लेकीला दीड वर्ष लागलं होतं. दोनदा ठरलेली तारीख त्यांनी दोनदा मोडली होती. एकदा पोट बिघडलं म्हणून आणि एकदा बिघडेल असं वाटलं म्हणून. शेवटी ते तयार झाले ते एका अटीवर. परक्या माणसाच्या टॅक्सीत बसून मी डोळा कापायला जाणार नाही. जावईबापूंच्या गाडीतून न्या, नाहीतर उजवा आहेच.

“गाडी वाटेत थांबली ना,” बायको म्हणाली, “तर अण्णा तिथूनच परत फिरतील. आणि पुन्हा या जन्मात दवाखान्याची पायरी चढायचे नाहीत. मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.”

“गाडी थांबणार नाही.”

“कशावरून?”

कशावरून, हा प्रश्न निरीक्षकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. आज तो पहिल्यांदाच कोणी त्यांना विचारला होता. गाडीवर विश्वास आहे, असं सांगून भागणार नव्हतं. विश्वास सिद्ध करावा लागणार होता, आणि त्याला एक पद्धत असते.

खात्याची पद्धत अशी, की दुकानातलं एक वजन खोटं निघालं की सगळी वजनं जप्त. मग दुकानदार कितीही गयावया करो. त्या नियमाने निरीक्षकांनी गाडीतल्या एकूण एक सेन्सरला संशयित ठरवलं. ऑफिसातून ‘नाकारले – वापरू नये’ असा लाल छाप मारलेला एक लांबट चिकटकागद त्यांनी आणला आणि समोरच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे ठसठशीत चिकटवला. तिथले दिवे, काटे, आकडे यांना यापुढे या गाडीत बोलायचा अधिकार नव्हता. वेगाचा काटा तेवढा कायद्याने आवश्यक म्हणून कात्रीने खिडकी कापून मोकळा ठेवला.

दुसरी गोष्ट म्हणजे चाचणी. आणि चाचणी करायची तर भारासह. पण प्रत्यक्ष माणसं चाचणीला बसवणं त्यांना धोक्याचं वाटलं, शिवाय माणसं बोलतात. म्हणून त्यांनी भांडारातली प्रमाणित वजनं मागितली.

भांडारपाल हा खात्यातला एकमेव माणूस होता ज्याला निरीक्षकही वचकून असत. तो नियमावली पाठ म्हणायचा आणि अडला की नवीन नियम म्हणायचा. वजनं बाहेर जातात ती फक्त एखाद्या आस्थापनेच्या तपासणीसाठी, असं त्याने सांगितलं. मग गाडी ही आस्थापना आहे का? निरीक्षक म्हणाले, समजा आहे. भांडारपालाने समजलं. आस्थापनेचा व्यवसाय काय? निरीक्षकांनी लिहिलं, ‘प्रवासी वाहून नेणे (कौटुंबिक)’. तपासणीपूर्वी मालकाला नोटीस दिली का? मालक मीच, असं ते सांगणार, तोच भांडारपालाने गाडीचे कागद पाहिले. गाडी बायकोच्या नावावर होती.

त्यामुळे त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी निरीक्षकांनी स्वतःच्या घराची बेल वाजवून बायकोच्या हातात खात्याची नोटीस ठेवली. तिने ती हातातलं पीठ न झटकता वाचली. खाली ‘मालकाचे म्हणणे’ अशी जागा होती. तिथे तिने लिहिलं, ‘अण्णांना पुढच्या गुरुवारी आठाला पोचवा. बाकी काय करायचं ते करा.’ पिठाच्या अंगठ्यासकट तो कागद भांडारपालाने दाखल करून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी वीस किलोची आठ वजनं सोडली. आपण तीन आठवडे रजेवर चाललो आहोत, तेव्हा ती परत घ्यायला आपल्याशिवाय कोणाला अधिकार नाही, हेही त्याने सांगितलं. पण ते निरीक्षकांनी नीट ऐकलं नाही.

शुक्रवारी सकाळी सोसायटीने पाहिलं ते असं. निरीक्षक गाडीत लोखंडी वजनं भरत होते. अण्णांचं वजन अठ्ठावन्न, म्हणून पुढच्या सीटवर तीन. मागे निरीक्षकांच्या लेकीच्या जागी दोन. बायकोने आपलं वजन सांगायला साफ नकार दिला होता, म्हणून अनुभवी नजरेने तिच्या जागी उरलेली तीन. ती तीन ठेवून होताहेत तोच दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून विचारणा झाली.

“अहो, मी आणि अण्णा सारखेच का?”

“अंदाजे आहे.”

“एक काढा.”

खोटं माप देणं निरीक्षकांच्या रक्तात नव्हतं आणि बायकोशी वाद घालणंही नव्हतं. त्यांनी तिसरं वजन मागच्या डिकीत हलवलं. भार गाडीतच राहिला, फक्त त्याच्यावर कोणाचं नाव उरलं नाही. बायको आत गेली.

गाडी सुरू केली तर ती टुंग टुंग करू लागली. पुढच्या सीटवरच्या साठ किलोंना तिने माणूस समजलं होतं आणि पट्टा लावा म्हणून त्यांच्या मागे लागली होती. निरीक्षकांनी अर्थपूर्ण मान हलवली. लोखंड आणि सासरे यांतला फरक जिला कळत नाही तिची इतर विधानं काय किमतीची, हे त्यांनी लेकीला समजावून सांगितलं. मग वजनांना पट्टा बांधला.

नववीतली ही लेक जिन्यात बसून, वडील फेरीवरून येऊन सांगतील तसं नोंदवहीत लिहीत होती. वहीत चौदा रकाने वडिलांनी स्वतः आखले होते. सुरू होण्यास लागलेला वेळ, आवाज, वास, थरथर, चौकातील वर्तणूक, हवामान, चालकाची मनःस्थिती वगैरे. शेवटचा रकाना ‘शेरा’. घर ते दवाखाना ते घर अशी सहा किलोमीटरची एक फेरी. ऑफिसच्या दिवशी सकाळी तीन, संध्याकाळी तीन, रविवारी अकरा. शुक्रवार ते बुधवार मिळून एक्केचाळीस फेऱ्या, आणि बेचाळिसावी खरी. एक्केचाळीसच का, असं लेकीने विचारलं, तेव्हा चाळीस हा आकडा ठरवून केल्यासारखा वाटतो, असं त्यांनी सांगितलं.

चौकातल्या पोलिसाने पहिल्या दिवशी गाडीला ओळखलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसलेली वजनं त्याच्या लक्षात आली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, आठवी फेरी जाताना पाहून त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. पट्टे लावलेले असल्यामुळे त्याला काही म्हणता येत नव्हतं. ‘चौकातील वर्तणूक’ या रकान्यात लेकीने लिहिलं, ‘गाडी चांगली, पोलीस अस्वस्थ.’

सोसायटीचं मत वेगाने तयार होत गेलं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, निरीक्षक गुपचूप व्यायामशाळा काढताहेत. सगळ्यात तपशीलवार सल्ला दिला तो तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ‘वरच्या काकांनी’. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि आपल्या काळात बंद पडलेली प्रत्येक गोष्ट आपण निव्वळ विचार करून सुरू केली, असं त्यांचं म्हणणं.

“निरीक्षक, तुमचं मूळच चुकतंय,” काका म्हणाले. “गाडी सुरू होईल का, हा प्रश्न कधी पडतो? ती बंद केली तरच. बंदच करू नका.”

यात काहीतरी चुकतंय असं निरीक्षकांना वाटलं, पण नेमकं काय ते सांगता येईना, आणि ज्यातली चूक सांगता येत नाही ते मान्य करावं असा खात्यात संकेत होता. शनिवारपासून ते रोज ऑफिसला जाण्यापूर्वी तासभर गाडी जागेवर नुसती चालू ठेवू लागले. तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी व्यायामशाळेचा संशय मागे घेऊन गिरणीचा धरला.

आणि गाडी? गाडीने सहा दिवस चकार शब्द काढला नाही. एक्केचाळीस फेऱ्या, प्रत्येकीत दीडशेवर किलो लोखंड, आणि चौदा रकान्यांत एकही लाल खूण नाही. बुधवारी संध्याकाळी एक्केचाळिसावी फेरी संपवून निरीक्षक खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे किंचित ओले होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. नऊ वर्षांचा संसार, मध्ये एक गैरसमज, आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. ‘चालकाची मनःस्थिती’ या रकान्यात लेकीने नुसतं उद्गारचिन्ह काढलं.

गुरुवारी सकाळी साडेपाचला त्यांनी गाडी सुरू केली आणि काकांच्या सल्ल्याप्रमाणे सव्वासातपर्यंत चालूच ठेवली. मग अण्णांना घेऊन बायको खाली आली, आणि दार उघडून तशीच उभी राहिली.

“ही वजनं अजून इथेच?”

निरीक्षकांनी दोन कारणं सांगितली. भांडारपाल रजेवर, हे एक. आणि मुख्य म्हणजे गाडी ज्या अवस्थेत प्रमाणित झाली त्याच अवस्थेत चालवली पाहिजे. आता लोखंड काढलं तर ती वेगळी गाडी होईल, आणि वेगळ्या गाडीची आपण एकही चाचणी घेतलेली नाही. सीटवरची वजनं त्यांनी खाली पायाशी मांडली होती. जागा होती, फक्त पाय ठेवायला नव्हती.

अण्णा गुडघे हनुवटीशी घेऊन पुढे बसले. बायको मागे दोन वजनांवर पाय ठेवून राजसिंहासनावर बसल्यासारखी बसली. लेक वही घेऊन बसली.

“जावईबापू,” अण्णा म्हणाले, “मला डोळा कापायला नेताय की विहिरीत सोडायला?”

सात वाजून बत्तीस मिनिटांनी, बँकेसमोरच्या चौकात, सिग्नल हिरवा झाल्या झाल्या गाडी बंद पडली. तीच जागा. तोच मुकाटपणा. मागे पुन्हा सगळ्यांचं मत. पोलीस आला. तो फक्त बाजूला बोट दाखवून उभा राहिला, आणि निरीक्षकांना ते म्हणण्यापेक्षा जास्त लागलं.

यावेळी ढकलायला सहा माणसं लागली. त्यातल्या एकाने हिच्यात भरलंय काय, असं विचारलं.

बायको रडवेली झाली होती. दीड वर्ष डोळ्यांसमोर वाहून जात होतं. अण्णा आता म्हणतील, चला घरी, आणि आपण काय तोंडाने अडवायचं? अण्णांनी खरोखरच तोंड उघडलं.

“ती टॅक्सी थांबव.”

“अण्णा, घरी नको हो. माझं ऐका.”

“घरी कोण म्हणतंय? दवाखान्यात चल. डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे, पण मला आधी या लोखंडातून बाहेर काढा.” आणि गेल्या दीड वर्षात दिसला नव्हता इतक्या उत्साहाने म्हातारा परक्या माणसाच्या टॅक्सीत पाय लांब करून बसला. बायको धावतच त्याच्यामागे गेली. जाताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

रस्त्याच्या कडेला उरले निरीक्षक, लेक, एकशे साठ किलो लोखंड आणि गाडी. मेकॅनिक मोटारसायकलवरून आला. त्याने आल्या आल्या, नवशिक्याला विचारावा तसा एक साधा प्रश्न विचारला. निरीक्षकांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा तो प्रश्न तोंडातून काढायची त्याची छाती झाली नाही. एक्केचाळीस फेऱ्या आणि चौदा रकाने यांची वही त्यांनी त्याच्यापुढे धरली. त्याने ती आदराने चाळली आणि परत दिली.

मग त्याने नवा सेन्सर काढून त्याहून नवा लावला. गाडी ढिम्म. त्याने आपलं यंत्र जोडलं. यंत्र म्हणालं, बिघाड कुठलाच नाही.

“यंत्र कोणाकडून माहिती घेतं?” निरीक्षकांनी विचारलं.

“सेन्सरकडून.”

“बघा म्हणजे.”

वरचे काका फिरायला निघाले होते ते थांबले. त्यांनी चूक तात्काळ ओळखली. सिग्नलला थांबायलाच नको होतं. पोलिसाने हे ऐकलं आणि तो प्रथमच काकांकडे वळून पाहू लागला. बँकेचा पहारेकरी आला, ज्याची स्वतःची गाडी नव्हती पण मतं पुष्कळ होती. वायरी सुटल्या, जोडल्या, पुन्हा सुटल्या. बॅटरी काढून ऊन दाखवून झाली. दहा वाजले. निरीक्षक पदपथावर एका वजनावर बसले होते. सत्तावीस वर्षांत वीस किलोच्या प्रमाणित वजनाचा असा उपयोग त्यांनी कोणाला करू दिला नव्हता.

साडेदहाला टॅक्सी परत आली. डॉक्टरांनी अण्णांचं काम वीस मिनिटांत उरकून, चहा पाजून, घरी सोडलं होतं. डाव्या डोळ्यावर पांढरी चकती चिकटवलेली, उजव्यावर जाड काच. बायकोने सरळ घरी चला म्हटलं होतं, पण जावईबापू अजून तिथेच असतील तर मला बघायचंय, असा अण्णांनी हट्ट धरला होता. ते टॅक्सीतून उतरले, गर्दी बाजूला सारत आले आणि ड्रायव्हरच्या दारातून आत वाकले.

“हा कागद कसला?”

निरीक्षकांनी थकल्या आवाजात समजावलं. एक खोटा निघाला की सगळे बाद, हे तत्त्व सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग नखाने कागदाचं एक टोक उचललं, किल्ली फिरवली आणि उरलेला एकुलता एक डोळा बारीक केला.

“जावईबापू, इथे एक काटा खाली टेकून बसलाय. शेजारी पिवळा दिवा आहे. पंपाचं चित्र असलेला. हाही खोटाच का?”

पोलिसाने तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलू लागले.

“मी आल्या आल्या हेच विचारलं होतं साहेब,” मेकॅनिक म्हणाला.

बायको टॅक्सीच्या दारात उभी होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं, आणि मग ती दाराला धरून इतकी हसली, की अण्णांना, डोळ्यावर ताण पडेल, हसू नकोस, असं उलट तिलाच सांगावं लागलं.

लेकीने वही उघडली. चौदा रकाने तिने पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे वाचले. मग बेचाळिसाव्या फेरीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, लिहिलं:

टाकीत पेट्रोल नव्हतं.